तळात हात घालून पाहा

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, धामणगावच्या एका जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं कापसाची ग्रेड पाहिली. बंडी आली की ते वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नसत. बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात तळाशी घालायचा आणि तिथला पुंजका ओढून काढायचा. वर पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल आणि खाली फरतड, कवडी, नाहीतर रात्री पाणी मारून वजन वाढवलेला कापूस, असा प्रकार त्यांनी कितीदा पकडला असेल, त्याचा हिशेब नाही. पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, गालाला लावून ओल बघायची. आता ओल मोजायला मीटर आहे, बारा टक्क्यांच्या वर ओल असली की सीसीआय कापूस घेत नाही. अब्बांच्या काळी मीटर म्हणजे त्यांचा गाल.

आज त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं आहे, पण अंगठा आणि तर्जनी अजून नोकरीवरच आहेत. हे सांगायचं कारण असं की आमच्या थोरल्याने ऑनलाइन घेतलेली इलेक्ट्रिक गिटार खोटी आहे, हे घरात सर्वांत आधी कळलं ते अब्बांच्या अंगठ्याला.

थोरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी परत येतो. चुलतभावाने टाकून दिलेल्या कलकत्त्याच्या गिवसन गिटारीवर तो स्वतःच शिकला. वाद्य हातात घ्यावं की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. सासूबाईंना ते अजिबात पसंत नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. अब्बा त्यावर बोलत नाहीत. मी बोलते, पण माझं माहेर मिरजेचं, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरलं जातं. तो वाद आज इथे काढत नाही. झालं ते वाद्याबद्दल नव्हतंच.

दोन वर्षं त्याने शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, ईदी साठवली, दहा हजार मी माझ्या पगारातून दिले. वापरलेल्या वस्तू विकण्याच्या एका अ‍ॅपवर त्याला 'गिब्सन लेस पॉल, १९९८' अशी जाहिरात दिसली. किंमत बेचाळीस हजार. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानेच समजावलं. गिब्सन ही अमेरिकेतली कंपनी, १९०२ सालची. लेस पॉल नावाची त्यांची इलेक्ट्रिक गिटार १९५२ पासून बनते. ही पोकळ नसते, भरीव लाकडाची असते. तारांखालच्या चुंबकांमधून आवाज निघतो आणि तो स्पीकरमधून ऐकायचा. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे.

"मग ही बेचाळीसला कशी?" मी विचारलं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं की मामाने अमेरिकेतून आणली, आता वडील दवाखान्यात आहेत, पैशांची घाई आहे. माझ्या मुलाला त्या माणसाची दया आली. खोटं कशाला बोलू, मलाही आली. त्याने फोनवरून पैसे पाठवले आणि आठव्या दिवशी कुरिअरवाला भलं मोठं खोकं घेऊन दारात उभा राहिला.

गिटार दिसायला फार देखणी होती. मधासारखा रंग, त्यात वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषा, सोन्यासारखी चमकणारी बटणं. असरची नमाज पढून अब्बा खाटेवर येऊन बसले, तेव्हा त्याने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आधी वजन जोखलं. मग सवयीने अंगठा तिच्या मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"ये चुभ रा," ते म्हणाले. "इतनी महंगी चीज, और किनारी ऐसी?"

थोरला हसला. अब्बा हसले नाहीत. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो ग्रेडरचा होता. "इसका नमुना कहाँ है?"

जिनिंगमध्ये प्रत्येक ग्रेडचा नमुना असायचा. समोरचा माल चांगला की वाईट, हे नुसतं त्याच्याकडे बघून ठरवायचं नाही, नमुन्याशेजारी ठेवून ठरवायचं. तेव्हा थोरल्याने कंपनीचे आणि नावाजलेल्या दुकानांचे त्याच मॉडेलचे, त्याच काळातले फोटो लॅपटॉपवर मोठे करून लावले. अब्बांनी कुरआन वाचायला घेतलेलं भिंग काढलं आणि आजोबा-नातू मगरिबच्या अजानपर्यंत त्या खाटेवर वाकून बसले. मी भाजी निवडत ऐकत होते.

अंगठ्याला का टोचलं ते आधी उलगडलं. मानेच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी असते. बोटांखाली ज्या धातूच्या आडव्या काड्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्या काळच्या खऱ्या लेस पॉलमध्ये फ्रेट पांढऱ्या पट्टीच्या आतच संपतो आणि त्याच्या टोकाशी त्या पट्टीचाच बारीक उंचवटा राखलेला असतो. बोट कसं गुळगुळीत सरकतं. आमच्या गिटारीत फ्रेट थेट पट्टीवरून काठापर्यंत आलेले होते, आणि त्यांची टोकं बोटाला लागत होती.

मग स्क्रू. खुंट्या बसवलेल्या डोक्याच्या खालच्या बाजूला घंटेच्या आकाराचं काळं झाकण असतं. नमुन्यात ते दोन स्क्रूंनी बसवलेलं, एक वर, एक खाली. आमच्यात तीन. ते झाकण उघडलं की आत मान सरळ ठेवणाऱ्या सळईचं टोक दिसतं. खऱ्यात तिथे पितळेचा षटकोनी नट असतो आणि तो बाहेरून पाना बसवून फिरवायचा. आमच्यात सायकलवाल्याकडे असते तशा अ‍ॅलन कीचं भोक होतं. डोक्याचा वरचा काठ खऱ्यात उघड्या पुस्तकाच्या पानांसारखा वळलेला, आमच्यात ते पुस्तक अर्धवट मिटलेलं. मानेच्या मागे, डोकं सुरू होतं तिथे, भिंगातून एक तिरपी रेघ दिसली. दोन लाकडं चिकटवल्याची ती खूण होती. खऱ्यात मान आणि डोकं सलग एका लाकडाचं असतं.

आणि नंबर. खऱ्या गिटारीच्या डोक्याच्या मागे नंबर लाकडात ठोकलेला असतो, तिरप्या उजेडात त्याचे खड्डे दिसतात. आमचा वरून छापलेला. हा नंबर कसा वाचायचा तेही थोरल्याने शोधून काढलं. १९७७ पासून बरीच वर्षं ते आठ आकडे लिहीत. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन आकडे म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. काही साली आणि काही खास मालिकांत वेगळी पद्धत आहे, पण १९९८ ला ही लागू पडते. आमच्या नंबरची सुरुवात होती ९४१२८. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, भाजीचं ताट बाजूला ठेवून मीही वाकले. नऊ आणि आठ, म्हणजे अठ्ठ्याण्णव साल. मधले तीन, चारशे बारा.

वर्षाचा चारशे बारावा दिवस.

घरात कुणी बोललं नाही. सासूबाईंनीच आतून विचारलं, काय झालं म्हणून.

यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. रात्री हे घरी आले आणि काही न बोलता त्यांनी पेचकस घेतला. मागचं झाकण काढलं, आत केसासारख्या बारीक वायरी, सुपारीएवढे पॉट. पण तेवढ्यावरून ठरवू नका असं ते स्वतःच म्हणाले, कारण काही वर्षांच्या खऱ्या गिटारीतही वायरिंगऐवजी छापील सर्किट असतं. मग त्यांनी चुंबकाचे चार स्क्रू काढून तो वर उचलला आणि खाचेत टॉर्च मारला. खऱ्या लेस पॉलच्या त्या खाचेच्या भिंतीत दोन लाकडं दिसतात, वर जाडसर मेपल आणि खाली तांबूस महोगनी. आमच्यात वरपासून खालपर्यंत एकच फिकट लाकूड. वाघाच्या पट्ट्या होत्या त्या कागदासारख्या पातळ थरावर.

अब्बा शेवटी एवढंच म्हणाले की पंचवीस वर्षांचा कापूस कितीही जपला तरी पिवळा पडतो, हिचं तर पितळसुद्धा मळलेलं नाही. हे तर आपण तिघांनी भिंगाशिवायच पाहायला हवं होतं.

त्या माणसाचा फोन बंद लागत होता. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तिचा क्रमांक मिळाला. पण पैसे देऊन अकरा दिवस झाले होते. पैसे गेल्याबरोबर तासा-दोन तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात. आम्ही आठ दिवस कुरिअरची वाट पाहण्यात आनंदात घालवले होते, आणि पुढचे तीन त्या बंद फोनवर. पुढे काही झालं नाही. वाचकांपैकी कुणावर वेळ आली तर हा आकडा लक्षात ठेवा आणि उशीर करू नका.

आपणच एकटे मूर्ख नाही, एवढी माहिती त्या दिवसांत मिळाली. २०२४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या बंदरावर आशियातून आलेल्या तीन हजारांहून जास्त बनावट गिब्सन गिटारी कस्टमने पकडल्या. खऱ्या असत्या तर त्यांची किंमत एक कोटी ऐंशी लाख डॉलरच्या पुढे गेली असती. ज्या देशात ती बनते तिथेच ही गत, तर धामणगाव रेल्वेला कोण विचारतो.

इथवर जे झालं ते नुसतं नुकसान होतं. खरी गोष्ट पुढेच आहे.

महिनाभराने एका रात्री थोरल्याचा फोन चार्जिंगला लावताना मला पडद्यावर त्याच गिटारीचा फोटो दिसला. त्याने ती विकायला काढली होती. शब्द जवळपास तेच. 'गिब्सन लेस पॉल, १९९८.' मामाच्या जागी काका होते. पुलगावच्या एका मुलाशी अडतीस हजारांत बोलणं झालं होतं आणि तो रविवारी वडिलांना घेऊन येणार होता. डोक्यामागचा फोटो अंधारात काढला होता. आम्ही शोधलेली प्रत्येक खूण त्याला ठाऊक होती, म्हणून नेमकी ती प्रत्येक खूण फोटोतून गायब होती.

मी त्याला उठवलं नाही. सकाळी विचारलं.

"अम्मी, माझे दोन वर्षांचे पैसे आहेत ते," तो म्हणाला. "आणि ती वाजते ना नीट. त्या मुलाला कळणारसुद्धा नाही. नाव काय, नुसतं नाव असतं. लाकूड लाकूड असतं."

नाव नुसतं नाव असतं, हे मिरजेच्या मुलीला सांगू नये. सतारमेकरांच्या दुकानांवरूनच माझा शाळेचा रस्ता जायचा. ते मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता बनवायला घेतली. त्याच हातांनी भोपळे वाळवले, लाकूड तासलं, जवारी लावली. जवारी म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा इतका बारीक घासायचा की सूर मोकळा होऊन गुंजत राहतो. ते काम माप लावून होत नाही, कानाने होतं. पिढ्यान्‌पिढ्या तेच करत राहिल्यावर 'मिरजेची सतार' या दोन शब्दांना किंमत आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडे बनवलेल्या वाद्यावर आता ते नाव लावून विकता येत नाही. माझ्या बहिणीने त्या दिवशी फोन करून पेढे वाटल्याचं सांगितलं होतं. आमच्या घरात कुणी सतार बनवत नाही, तरी.

हे सगळं मी त्याला सांगितलं. कायदाही सांगितला. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं नाव लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. तो ज्याला शिव्या देत होता त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहणार होता. त्याने मान खाली घातली, पण जाहिरात काढली नाही. अडतीस हजार हा आकडा वीस वर्षांच्या मुलाला फार मोठा असतो. आमच्या घराला तो लहान आहे असंही नाही.

अब्बांना मी काही सांगितलं नव्हतं. पण छोट्या घरात गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. शनिवारी इशानंतर त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात होते तो प्रसंग सांगितला. धान्याची रास होती, त्यांनी तिच्यात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारलं, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, असंही त्यांनी बजावलं. आम्ही हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पण त्यानंतर अब्बांनी जे सांगितलं ते मी लग्नानंतरच्या बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. एका सालच्या हंगामात, घरात आजारपण असताना, त्यांनी एका व्यापाऱ्याची ओली बंडी चांगल्या ग्रेडमध्ये जाऊ दिली होती. तळात हात घातला, ओल लागली, आणि हात काढून घेतला. "किसी को पता नहीं चला," ते म्हणाले. "उस दिन से मैं दोनों हाथ डालता था." मग भिंग उशाखाली ठेवून ते झोपले.

रविवारी पुलगावचे बापलेक आले. मुलगा अठराचा असेल, वडील शेतकरी. पायरीवरच चपला काढून अवघडून बसले. मी चहा टाकला. वडिलांनी मला विचारलं, "बाई, आमाले यातलं काई समजत नाई. पोरगा म्हने पाह्यजे. खरी हाय ना हे?" त्यांच्या खिशावर हात होता. कापूस विकलेला पैसा असणार, दिवसच ते होते.

मी आत पाहिलं. थोरला गिटार घेऊन बाहेर आला. मला त्याचा चेहरा वाचता येईना. त्याने ती उताणी न ठेवता पालथी ठेवली, नंबर वर येईल अशी. मग अब्बांचं भिंग त्या मुलाच्या हातात दिलं.

"मधले तीन आकडे वाच," तो म्हणाला.

अर्धा तास त्याने त्या मुलाला सगळं दाखवलं. तीन स्क्रू, अ‍ॅलन कीचं भोक, चिकटवलेली रेघ, टोचणारी फ्रेटची टोकं. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर काय मागायचं ते सांगितलं. झाकण उघडून काढलेला फोटो माग, नंबरचा तिरप्या उजेडातला माग, चुंबक उचलून खाचेचा माग, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला लाव. यातलं काहीही द्यायला जो टाळाटाळ करील त्याला सोड. नंबर बरोबर निघाला तरी नाचू नको, खऱ्या गिटारीचा नंबर उतरवून घेता येतो. एका खुणेवर जाऊ नको, त्याच मॉडेलचा, त्याच सालचा नमुना शेजारी ठेव. दुसऱ्या कंपनीची असेल तर तिच्या खुणा वेगळ्या. आणि कमी पैशांत हवी असेल तर याच कंपन्यांची स्वस्त नावं आहेत, गिब्सनची एपिफोन, फेंडरची स्क्वायर. चीनमध्ये, इंडोनेशियात बनतात, पण तसं अंगावर लिहून उजळ माथ्याने विकली जातात. ती दुकानात जाऊन घे.

वडील ऐकत होते. त्यांनी खिशावरचा हात काढला.

मुलाने मात्र डोळे गिटारीवरून हलवले नव्हते. जाता जाता तो म्हणाला, "दादा, सहा हजारांत देता का? खोटी तर खोटी. मले माहीत हाय ना आता."

हा सौदा सरळ होता. ऐब सांगून विकायला आपल्याकडे कुठलीच मनाई नाही, आणि सहा हजार हे सहा हजार असतात. मी तर मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. थोरल्याने बराच वेळ विचार केला.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला, "पण तू ज्याला विकशील त्याला?"

ते दोघं चारच्या गाडीने गेले. त्या संध्याकाळी त्याने जाहिरात काढून टाकली आणि यांच्या दुकानातून काचपेपर आणला. अंगणात बसून त्याने गिटारीच्या डोक्यावरचं नाव घासायला सुरुवात केली. आधी वरचं व्हार्निश पांढरं पडलं, मग अक्षरं. ती शिंपल्यासारखी चमकत होती, पण शिंपला नव्हताच, प्लास्टिक होतं. त्याची काळसर भुकटी त्याच्या गुडघ्यांवर पडत होती. डोक्यामागचा नंबरही त्याने घासला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, धूळ घरात येऊ देऊ नको.

अब्बांनी ती गिटार मागून घेतली, घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला. मग मानेच्या कडेवर फिरवला आणि म्हणाले, ये भी घिस, चुभता है.